वय ४३, स्वयंपाक शून्य: 'अंदाजानं टाक' म्हणजे नेमकं किती?

एकटाजीव (रविवार, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. राहणार नागपूर, त्रिमूर्तीनगर. वय ४३, एकटा राहतो, नोकरी मिहानमध्ये (विमानतळाजवळचा उद्योग-परिसर). चहा, मॅगी आणि उकडलेली अंडी एवढ्यावर माझं पाकशास्त्र संपते. अंडीही कधी कधी आतून कच्ची निघतात.

गेली ११ वर्षं डबा लावला होता. डबेवाल्या काकू मागच्या महिन्यात मुलाकडे पुण्याला गेल्या. तेव्हापासून सकाळी टपरीवर तर्री पोहे (पोह्यांवर चण्याचा तिखट, तेलकट रस्सा), दुपारी कॅन्टीन, रात्री मोबाईलवरून मागवलेलं काहीतरी. त्यात ऑफिसची वार्षिक तपासणी आली. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, ६.१. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही अजून, पण उंबरठ्यावर आहात. तीन महिन्यांनी परत पाहू, तोवर गोळी नको, घरचं खा. घरात कोण करणार, हे काही त्यांनी विचारलं नाही.

आई भावाकडे आर्वीला असते. तिला फोन करून वरण कसं करायचं ते विचारलं. "डाळ घे, पाणी टाक अंदाजानं, हळद टाक अंदाजानं, शिट्ट्या होऊ दे." किती होऊ देऊ? "झालं की समजते." काय समजते? मग तिला हसू आवरेना. बहिणीला विचारलं, तिथंही तेच. व्हिडिओ पाहिले तर सगळ्यांचं 'चवीनुसार मीठ'. अहो, माझी चव कॅन्टीनवर पोसलेली आहे. तिच्यानुसार टाकलं तर वरणात पोहता येईल.

काल पहिलं वरण केलं. खाली करपलं, वर पाणी, आणि मधली डाळ दाताखाली कडक.

तर प्रश्न साधा आहे. ज्याच्या हाताला अंदाजच नाही त्यानं कुठून सुरू करायचं? खुशाल हसा, पण मापात सांगा.

घरात आहे ते: गॅस, ३ लिटरचा कुकर, पापुद्रे निघालेली नॉनस्टिक कढई, दोन पातेली, आणि एक सुरी. तिच्यानं टमाटर कापलं जात नाही, चेपलं जाते.

बर्डीवाला

का भाऊ, रोज तर्री पोहे? आम्ही जन्माचे नागपूरकर, आम्ही बी हप्त्यातून दोनदाच खाऊन राहिलो ना बाप्पा!

पहिले सुरीला धार लावून आण. बोथट सुरीनंच बोट कापते, धारेच्या नाही. ते नॉनस्टिक फेक अन् लोखंडाची कढई घे. बाकीचं काकू लोक येऊन सांगतीलच.

माजघर (वय ६८, धरमपेठ)

आले बाबा काकू लोक.

एकटाजीव, घरातली एक वाटी निवड. कोणतीही चालेल, पण यापुढे तीच. डाळही तिनं, तांदूळही तिनं, पाणीही तिनं. वाटी बदलली की माप गेलं.

तुझ्या दोन वेळच्या वरणाला अर्धी वाटी तुरीची डाळ. दोनदा धुवायची, अर्धा तास भिजवायची. डब्यात घालून दीड वाटी पाणी, पाव चमचा हळद, चार थेंब तेल. तेलानं फेस कमी येतो. तू डाळ थेट कुकरात टाकून मोठ्या आचेवर ठेवली असणार, म्हणून तळाला लागली. कुकरात खाली दोन वाट्या पाणी, त्यावर डाळीचा डबा, वर झाकणी. मीठ नंतर, घोटताना, चहाचा अर्धा चमचा. टमाटर किंवा चिंच डाळ शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की डाळ आडते, शिजता शिजत नाही.

मुगाच्या डाळीला भिजवणं नको, ती भोळी आहे. पहिला आठवडा मुगाचीच कर.

कुकरशास्त्री

काकूंचं सगळं मान्य, पण कोणी शिट्ट्या सांगायच्या आत मी माझं घोडं दामटतो. शिट्टी हे माप नाहीच. आच मोठी असेल तर पाच मिनिटांत चार शिट्ट्या होतात, बारीक असेल तर पंधरा मिनिटांत एक. डाळ शिजते ती तापमानानं आणि वेळेनं. कुकरात दाब धरला की पाणी १०० ऐवजी साधारण १२० अंशांवर जाते. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ पाहा. मूग ५ मिनिटं, भिजवलेली तूर १० ते १२, रात्रभर भिजवलेले चणे २० च्या आसपास. मग बंद, आणि दाब आपोआप उतरू द्या. झाकण ओढाताण करून उघडायचं नाही.

डाळ जुनी असली किंवा बोअरचं जड पाणी असलं तर पाच मिनिटं जास्त. आमच्याकडे बोअरच्या पाण्यात तूर शिजायला रुसते, पिण्याच्या पाण्यात निमूट शिजते.

मूळची_कोल्हापूरची

दादा, तुम्ही एकटे नाही. मी ३१ व्या वर्षी लग्न होऊन नागपुरात आले तेव्हा मला फक्त ऑम्लेट यायचं. त्यात भाषेचा घोळ. खामल्याच्या बाजारात भाजीवाली म्हणाली, "ताई, सांबार घ्या, ताजा आहे." मी म्हटलं, नको, इडली नाही केलेली. ती माझ्याकडे बघतच राहिली. इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे कळायला आठवडा गेला. लाल भोपळ्याचं कोहळं, बटाट्याचा आलू. सासूबाईंनी "आळण कर" (बेसन लावलेली पातळ पालेभाजी) सांगितलं तेव्हा मला वाटलं आळणी काहीतरी करायचंय, आणि मीठच घातलं नाही.

मी एक वही केली होती. रोज एकच ओळ: काय केलं, किती टाकलं, काय चुकलं. "मीठ १ चमचा, जास्त. उद्या पाऊण." वही अजून आहे, तेलाचे डाग पडलेली.

एकटाजीव (बुधवार)

काकू, शास्त्रीबुवा, ताई, तुम्हा सगळ्यांचे आभार. मुगाचं वरण जमलं! मापानं केलं, घड्याळ लावून केलं. सोबत भात (१ वाटी तांदूळ, २ वाट्या पाणी). वरून लिंबू. ताटापुढे बसून उगाच फोटो काढला, पाठवायला कोणी नव्हतं म्हणून इथं सांगतो.

पण एक विचारायचं आहे. वरण, भात, लिंबू, झालं. माझ्या ६.१ ला हे पुरते का?

पथ्यपाणी

नाही पुरत. मी आहारतज्ज्ञ आहे, तेव्हा जरा रुक्ष बोलते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची आहार मार्गदर्शिका २०२४ मध्ये नव्यानं आली. २००० कॅलरीच्या दिवसाला तिच्यात भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅमच्या आसपास धरली आहेत. धान्य-डाळीची वजनं कच्ची. धान्यापेक्षा भाजी जास्त, हे लक्षात घ्या. आपल्या ताटात नेमकं उलटं असते: भाताचा डोंगर आणि पायथ्याशी चमचाभर भाजी.

तुमच्यासाठी आकडे नको, ताट पाहा. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. उरलेल्या अर्ध्यात एका बाजूला वरण, उसळ किंवा अंडी, दुसऱ्या बाजूला भाकर, पोळी किंवा भात. भात सोडायची गरज नाही, त्याची जागा लहान करा. आणि जेवण झाल्यावर १५ मिनिटं चाला.

सध्या आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणारी, संत्री बाजारात आहेत. संत्रं सोलून खा, रस काढू नका. एका ग्लासाला तीन-चार संत्री जातात आणि चोथा, म्हणजे कामाचा तंतू, आपण फेकून देतो.

तेल मात्र मोजा. त्याच मार्गदर्शिकेत दिवसाला सगळं मिळून २७ ग्रॅम आहे, म्हणजे चहाचे सहा चमचे. फोडणी, तूप, टपरीवरची तर्री, चिवड्याचं तेल, सगळं त्यातच. मीठ जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा. पापड-लोणचं-शेव धरून.

(किडनीचा त्रास किंवा औषधं चालू असणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये, आपल्या डॉक्टरांना विचारावं.)

एकटाजीव

पथ्यपाणी ताई, तुमचं वाचून आत्ता उठलो आणि माझी तेलाची पळी मोजली. पाण्यानं. चहाचे चार चमचे बसतात एका पळीत. काल आलूच्या भाजीत मी दोन पळ्या टाकल्या होत्या. व्हिडिओतली बाई म्हणाली होती, "थोडंसं तेल."

भिवापुरी

घाण्याचं जवसाचं, शेंगदाण्याचं तेल खा आणि मोजामोजी विसरा. आमचे आजोबा भाकरीवर कच्चं तेल ओतून खायचे, नव्वदी गाठली.

पथ्यपाणी

आजोबा वावरात किती तास असायचे? घाण्याचं असो की डब्यातलं, एका ग्रॅमला ९ कॅलरीच. जवस चांगलंच आहे, पण त्याची चटणी करून खा. ते तेल तापवायचं नसते.

भिवापुरी

म्हणजे आता सावजीचा झणझणीत रस्साही बंद करा म्हणा. तुम्ही लोक ताटातली मजा काढून घेता.

पथ्यपाणी

सावजी बंद करा असं मी कुठं लिहिलं? महिन्यातून एकदा जा, रस्सा वाटीभर घ्या आणि भाकर त्यात बुडवून ठेवू नका. मीही जाते.

बर्डीवाला

सावजीवर भांडण सुरू झालं म्हणजे धागा शंभरी गाठते आता. एकटाभाऊ, पोहेवाल्याले सांगायचं, वरची तर्री नको, खालचे चणे दे. तो आधी रागानं पाहते, मंग देते. मी तेच करून राहिलो चार वर्षांपासून. डॉक्टरनं मलेही हाणला होता, सांगितलं नव्हतं इथं.

रात्रपाळी

मी नर्स आहे, आठवड्याला तीन-चार रात्री ड्युटी. वरच्या सगळ्यांना विनंती, दमून आलेल्या माणसाचा विचार करा. शिकायची हौस रविवारी असते, गुरुवारी रात्री नऊला फोन उचलून मागवावंसंच वाटते. त्या वेळेसाठी एक पदार्थ हातात हवा.

माझा पदार्थ उकडपेंडी. माप देते, काकूंच्या वाटीनं: एक वाटी जाडसर कणीक, नसेल तर ज्वारीचं पीठ. कढईत दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, दोन हिरव्या मिरच्या, एक मोठा कांदा. कांदा मऊ झाला की पीठ टाकून मध्यम आचेवर ७ ते ८ मिनिटं परतायचं, हात थांबवायचा नाही. खमंग वास आला की मीठ अर्धा चमचा, मग पाऊण वाटी ताक शिंपडत शिंपडत. झाकण, ४ मिनिटं. वरून सांबार. सोबत दही आणि काकडी, मुळा, जे असेल ते. वीस मिनिटांत ताट समोर.

रविवारी मटकी भिजवून मोड आणून ठेवते, पालक निवडून फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. नुसत्या निवडलेल्या भाजीनं अर्धी लढाई होते. आणि भात उरला तर ओट्यावर ठेवू नका. गार झाला की लगेच फ्रिज. इथल्या उन्हाळ्यात तर विसरूच नका, ४५ अंशांत भात कधी बिघडतो ते कळतही नाही.

एकटाजीव (नवव्या दिवशी)

हजेरी देतो.

उकडपेंडी: पहिल्यांदा गोळे झाले, दुसऱ्यांदा मस्त. ताक एकदम ओतलं होतं. 'शिंपडत' हा शब्द मी वाचलाच नव्हता.

डाळभाजी: अर्धी वाटी तूर, एक जुडी पालक, मूठभर शेंगदाणे. मूठ मोजली, पाव वाटी भरली. लसूण-मिरचीची फोडणी, तेल दोन चमचे. जरा पातळ झाली, पण चव आईच्या भाजीच्या गल्लीत शिरली होती. घरापर्यंत नाही पोचली.

अंडी: उकळत्या पाण्यात ९ मिनिटं. ४३ वर्षांचा प्रश्न मिटला.

भाकर: तिचं बोलू नका. थापली, उचलली, अर्धी हातात आली आणि अर्धी ताटातच राहिली.

माजघर

पीठ कधीचं आहे? दुकानातलं महिना-दोन महिन्यांचं असेल तर विरी (चिकटपणा) गेलेलं आहे, देवही थापू शकणार नाही. चक्कीवरून एक किलोच ज्वारी दळून आण, पंधरा दिवसांत संपव.

ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो गरम पाण्यानं आणायचा. तू उकड काढ. पातेल्यात एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, खळखळ उकळलं की एक वाटी पीठ घालून ढवळ, गॅस बंद, झाकण पाच मिनिटं. मग पाण्याचा हात लावून चांगलं मळ. थापता येत नसेल तर दोन प्लास्टिकच्या कागदांत ठेवून लाट. सासरच्या कोणी पाहायला येत नाही.

आता माझं एक ऐक. तू 'अंदाजानं' वर बोट ठेवल्यापासून मला चैन नव्हतं. अकराव्या वर्षापासून रांधते आहे, मोजमाप कधी केलं नाही. काल दुपारी मी माझाच हात मोजायला बसले. भाजीत टाकते ती मिठाची चिमूट ताटलीत टाकली, आणि चमच्यात भरली. माझ्या तीन बोटांच्या सहा चिमटी म्हणजे एक चमचा भरला. भाजीला तीन, वरणाला तीन, कणकेत दोन, कोशिंबिरीला एक. दिवसातून दोनदा. आम्ही घरात दोघंच आहोत.

मला आठ वर्षांपासून बीपी आहे. डॉक्टर विचारतात, मीठ किती? मी सांगते, अगदी बेतानं. आणि मला तसं खरंच वाटत होतं रे.

मूळची_कोल्हापूरची

काकू, हे वाचून मी आत्ता उठून माझा 'चमचाभर' तेलाचा चमचा पाहिला. तो वाढायचा चमचा आहे. वहीत पंधरा वर्षं 'तेल १ चमचा' लिहिलंय.

बर्डीवाला

मी नाही मोजत बावा. भेव वाटून राहिलं.

पथ्यपाणी

माजघर काकू, एकदम अर्धं करू नका, जेवण जाणार नाही. दर आठवड्याला एक चिमूट काढा. लिंबू, जिरेपूड, लसूण वाढवा. जीभ काही आठवड्यांत नव्या मिठाला सरावते. आणि बीपीच्या डॉक्टरांना हा हिशेब नक्की दाखवा, गोळीचं ते ठरवतील.

एकटाजीव (तीन आठवड्यांनी)

काकूंच्या पोस्टनंतर मला वाटलं, आईचा अंदाज मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. शनिवारी सकाळी आर्वीची बस धरली. पिशवीत मोजायचे चमचे, माझी वाटी आणि ऑफिसमधल्या मित्राचा छोटा वजनकाटा.

आई ओट्याशी, मी शेजारी. तिचा हात मिठाच्या बरणीतून निघाला की मी मधेच चमचा धरायचा, मग ते भांड्यात जायचं. पहिल्या पाच मिनिटांत तिनं मला दोनदा हाकललं. "मोजून टाकलेलं अंगी लागत नाही," म्हणे. वहिनी दारात उभी राहून हसत होती. पुतण्या व्हिडिओ काढत होता, तो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला आहे, त्याबद्दल नंतर बघतो.

मग तिलाच गंमत वाटायला लागली. हात वर धरायची आणि म्हणायची, "थांब, हे मोज." पाच माणसांचं वरण: तूर १७० ग्रॅम, हळद पाव चमचा भरून थोडी वर, मीठ दीड चमचा, गूळ सुपारीएवढा (८ ग्रॅम भरला), फोडणीला तूप तीन चमचे. दोन वेळा मोजलं, सकाळी आणि रात्री. मिठात पाव चमच्याचाही फरक नाही! मला वाटायचं अंदाज म्हणजे मनाला येईल तेवढं. तिचा हात तर काट्यासारखा चालतो, आकडा तेवढा तिला ठाऊक नाही.

हिंग मोजू दिला नाही. डबी कढईवर धरून नुसती टिचकी मारली, आणि मी चमचा पुढे करेपर्यंत झाकणही लावलं. वहीत 'हिंग: १ टिचकी' असं लिहिलं आहे.

निघताना मी तिला ताट कसं वाढायचं ते सांगत होतो, अर्धं ताट भाजी वगैरे. ती म्हणाली, "तुझ्या बाबांना शुगर निघाली तेव्हा मी हेच करत होते. भाजी आधी वाढायची, भात शेवटी. तू तेव्हा हॉस्टेलवर होता." मला हे माहीतच नव्हतं.

तपासणीला अजून दोन महिने आहेत, म्हणून आकडा विचारू नका. बाहेरून मागवणं आठवड्यातून एकदा, तेही ठरवून नाही, गुरुवारचं.

आता पुढच्या खेपेला आळण आणि भाकर शिकायची आहे. भाकरीसाठी ती म्हणते, आधी परात घेऊन ये, त्या ताटात काही व्हायचं नाही. इतवारीच्या बाजारात जाणार आहे रविवारी. परात केवढी घेऊ?

माजघर

पितळेची नको घेऊस, कल्हईवाला शोधत फिरशील. स्टीलची, काठ उंच असलेली. माझे मीठ भाजीत आता दोन चिमटी.

भिवापुरी

१६ इंची घे. १४ ची घेशील तर थापताना अर्धं पीठ ओट्यावर. आणि बिडाचा तवा त्याच फेरीत उचल, दोनदा कशाला जातो.